बाहेरचा रूळ

दिवसा मी दात करते.
रास्ता पेठेत, दुसऱ्या मजल्यावर,
डॉक्टरांनी पाठवलेल्या मापांवरून कवळ्या, कॅपा, ब्रिज.
माणसं मला दिसत नाहीत. जबडे दिसतात,
पेन्सिलीने नाव आणि तारीख टाकलेले.

रात्री त्याच प्लास्टरचा
शिंदवण्याचा घाट करते.

आठ बाय चारचा प्लायवूड, टिंबर मार्केटातून हातगाडीवर आलेला,
त्यावर काम झालेल्या जबड्यांची रास,
राशीवर जाळी, जाळीवर प्लास्टर:
डोंगराला पोट लागतं, आणि जबडे टाकवत नाहीत.
वाळवलेली चहापूड ही माती.
नारळाची शेंडी बारीक कातरून गवत.
भाचा म्हणाला, हिरवं कर ना गं, भारी दिसेल.
हिरवं कुणीही करतं.
मला हवाय मार्चमधला तो रंग,
आंबळ्याच्या अलीकडे खिडकीतून दिसणारा,
चहात बुडवून विसरलेल्या बिस्किटाचा.

खऱ्या सत्त्याऐंशी फुटांचा इथे एक फूट.
तरीही सगळा घाट इमानाने करायचा
तर रूळ दारातून निघतील, जिना उतरतील
आणि पॉवर हाऊसच्या चौकात सिग्नलला उभे राहतील.
म्हणून वगळायचं.
दोन वळणं वगळली. एक ओढा वगळला.
सीताफळाच्या बागा तीन होत्या, एक ठेवली.
बदली झाल्यावर वडील एकटे राहिले ते क्वार्टर
दोनदा वगळलं,
दोनदा परत ठेवलं.

माणसं जर्मनीहून येतात, पाकिटात सहा,
सगळी ओव्हरकोटात.
दात घासायच्या बारीक बरने त्यांच्या हॅटा खरवडते,
वर पांढरा थेंब: झाली टोपी.
कोटाचं काही करता येत नाही.
आमच्या आंबळ्याच्या फलाटावर
भर मार्चात सहाजण गारठलेले उभे.

आणि तिसऱ्या वळणावर गाडी पडायची.
जोरात नाही. डबे एकेक करून आडवे व्हायचे,
दुपारी जेवून पडावं तसे.
चाकं पुसली, सांधे घासले, इंजिनात शिसं भरलं.
तीन आठवडे.

मग भिकोबा झेंडे आले, दिव्याचे,
कवळी दुभंगली म्हणून थेट माझ्याकडेच.
कवळी माझ्या हातात, त्यामुळे त्यांचं बोलणं सगळं वाऱ्याचं.
चौतीस वर्षं गँगमध्ये, शेवटची नऊ मुकादम.
आतल्या खोलीचं दार उघडं होतं.
परवानगी न विचारता ते वाकले,
प्लायवूडला गाल टेकला, एक डोळा मिटला
आणि रुळावरून पार आंबळ्यापर्यंत बघितलं.

"बाई, बाहेरचा रूळ झोपलाय तुमचा."
म्हणजे?
"वळणावर गाडी भायेर जाया बघती.
तिला आत कलती धरायची. उचला त्याला.
लई न्हाई. नखाएवढा."

एका डेंटिस्टचं व्हिजिटिंग कार्ड होतं.
ब्लेडने त्याची पट्टी कापली, रुळाखाली सरकवली.
गाडी आली, किंचित कलली,
डोक्यावर पाटी घेतलेली बाई गल्लीत वळते तशी,
आणि गेली.

मी टाळी वाजवली. झेंड्यांनी नाही.
ते डोंगराकडे बघत होते.
"हितं वढा व्हता."
वगळलाय, म्हटलं. जागा नाही.
"आसं वगळून भागत न्हाई.
दोनदा खडी घिऊन गेलाय त्यो आमची."

कवळी जोडून दिली. आरशात न बघताच बसवली त्यांनी,
दोनदा दात वाजवून पाहिले, साठ रुपये ठेवले
आणि जिन्यात कठड्याला धरून,
आतल्या बाजूने, उतरत गेले.

आता डोंगर कापतेय.
बर फिरतो, पांढरी धूळ बिस्किटाच्या रंगावर बसते.
अर्ध्या इंचावर कुणाची तरी खालची दाढ लागली.
नाव पुसलेलं. तारीख वाचता येते.
ओढा तिच्या अंगाने नेला.